काठी बंदराला गेली होती

तिकीट देताना ती आधी माणसाचे हात बघायची. हात मासळीचे असले तर तिकीट टोपलीच्या कडेला खोचून द्यायची.

सकाळी मिश्री लावून चूळ भरल्याशिवाय कोणाशी बोलायची नाही. पहिल्या गाडीच्या लोकांना हे माहीत होतं. ते मुकाट्याने हात पुढे करायचे.

हिरवा झेंडा रोज संध्याकाळी धुवायची. लाल झेंडा शेडमधल्या खुंटीवर घडी घालून ठेवलेला असायचा. ती घडी मोडलेली मी कधी पाहिली नाही.

रुळावर पाय द्यायची नाही. एका हाताने साडी उचलून, लांब ढांग टाकून ओलांडायची.

बाकीचे लोक गाडी येते का हे बघायला रुळाला हात लावायचे. कोणी कान लावायचे. तिने कधी लावला नाही.

बंदराला निघालेल्या प्रत्येकाला काहीतरी आणायला सांगायची. सोडे, विड्याची पानं, दोऱ्याचं रीळ. आणून दिलं की म्हणायची, "मी कंदी सांगितलं?" आणि ठेवून घ्यायची.

"जा" कधी म्हणायची नाही. गाडी हलली की झेंडा हलवत म्हणायची, "ये."

मंगळवारी सकाळी मनुमावशी गाडीखाली गेली.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा लिहून बघते आहे. ते खरं वाटत नाही. दुसऱ्या कोणाबद्दल असतं तर वाटलं असतं. एखाद्या पाहुण्याबद्दल, कानात गाणी घालून चालणाऱ्या मुलाबद्दल, म्हशीबद्दल. पण मनुमावशी? गाडी कुठे आहे हे विचारायला सगळं खारपाटी जिच्याकडे जायचं, ती?

आमची गाडी सरकारची नाही, कंपनीची आहे. तळेगर नाक्यापासून सुरूळ बंदरापर्यंत एकच रूळमार्ग, अरुंद. मध्ये काही हॉल्ट. खारपाटी त्यातला एक. मुरुड-काशीदला जाणाऱ्या पर्यटकांना ही गाडी दिसतही नाही. ते डोंगराच्या रस्त्याने जातात. गाडी जाते खाडीच्या बांधावरून. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला तिवरांचं रान. पावसाळ्यात आमचा रस्ता पाण्याखाली जातो. एसटी फिरकत नाही. मग गाडी हाच रस्ता.

कंपनीचा इतिहास मला मावशीने सांगितला. मी तो कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

"पयला शेठ मिठाचा. गुजराथी. मिठागरातलं मीठ बैलगाडीत भिजायचं, म्हणून त्यानं रूळ टाकले. आपली मानसं मिठाच्या गोणींवर बसून जायची. उतरली की ढुंगान पांढरं. मंग शेठला दया आली, त्यानं एक डबा लावला बाकडी टाकून."

"आणि सरकारने सगळ्या रेल्वे घेतल्या तेव्हा?"

"आपली बारीक. सरकारला दिसलीच न्हाय."

असं बोलून ती स्वतःच हसायची. पुढे मीठ संपलं. शेठची नातवंडं मुंबईला गेली. कंपनी एका लोखंडवाल्याने घेतली, मग दुसऱ्याने. गाडी चालत राहिली, कारण तिच्यात बसणारी माणसं वाढत गेली. नाक्यावरच्या कारखान्यात जाणारे, कॉलेजात जाणारे, दवाखान्यात जाणारे, मासळी विकायला जाणाऱ्या बायका. आमच्या मोहल्ल्यातले पुरुष गल्फला निघाले की याच गाडीने नाक्याला जायचे. माझे अब्बा कुवेतला गेले तेव्हा मी अम्मीच्या कडेवर होते. अम्मी सांगते, सगळ्या बायका रडत होत्या आणि मनुबाई झेंडा हलवत ओरडत होती, "ये रे, ये. येताना माझ्यासाठी अत्तर आण." अब्बांनी आणलं. "मी कंदी सांगितलं?" असं म्हणून तिने ते घेतलं.

हॉल्ट आधी तिच्या नवऱ्याकडे होता. अंबाजीकडे. तो तापाने गेला तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला, दुसरा कोणी मिळेपर्यंत तू बघ. दुसरा कोणी मिळाला नाही. कंपनीने शोधलाही नसेल. ती नोकरीत नव्हती, तिकिटामागे तिला थोडं मिळायचं. पण खारपाटीत तिला कोणी तिकीटवाली म्हणायचं नाही. मास्तरीण म्हणायचे.

आता काठीबद्दल सांगायला हवं. काठीशिवाय हे कोणाला समजणार नाही.

रूळ एकच. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर काय? यासाठी पहिल्या शेठच्या काळापासून एक काठी आहे. सागवानी, हातभर, टोकाला पितळेचं कडं. ज्या ड्रायव्हरच्या हातात काठी, त्यालाच गाडी हलवायची परवानगी. काठी एकच. म्हणून रुळावर गाडी एकच. नाक्याचा मास्तर काठी देतो, गाडी बंदराला जाते, काठी घेऊन परत येते. काठी बंदराला गेली असेल तर नाक्यावरून दुसरं काही सुटू शकत नाही. हा नियम आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी कळतो.

खारपाटीला त्यात एक भर होती. ती अंबाजीने घातलेली. ड्रायव्हर निघताना काठी खिडकीबाहेर धरायचा आणि अंबाजी आपल्या झेंड्याची काठी तिच्यावर आपटायचा. ठक. म्हणजे मी बघितली. मावशीने ते चालू ठेवलं. ठक झालं, गाडी वळणाआड गेली, की ती दोन्ही हात तोंडाशी धरून वाडीकडे ओरडायची:

"लाईन आपलीऽऽ!"

मग गाव रुळावर यायचं. बायका बांधावर सुकत घालायला जवळा आणायच्या. गुरं पलीकडच्या कुरणात जायची. म्हातारे रुळांखालच्या स्लीपरवर बसून उन्हं खायचे. गाडी परत फिरली की तिचा भोंगा आणि इंजिनाची धडधड पार सुरूळच्या पुलावरून ऐकू यायची. सगळं आवरायला भरपूर वेळ मिळायचा. इतक्या वर्षांत आमच्या हॉल्टवर कोंबडीसुद्धा मेली नव्हती.

मी साहित्यात बी. ए. केलं ते या गाडीने जाऊन. आता बंदरावरच्या शाळेत तासिकेवर मराठी शिकवते. रोज सकाळी गाडीच्या आधी थोडा वेळ शेडमध्ये मावशीजवळ बसायचे. मैत्री कशी झाली ते सांगता येत नाही. ती माझ्या अम्मीपेक्षा मोठी होती. तिची मुलगी प्रणाली माझ्याच वयाची. प्रणाली नाक्यावरच्या दवाखान्यात नर्स आहे. ती पहिल्या गाडीने नाक्याला जायची, तीच गाडी परत येऊन मला बंदराला न्यायची. मधल्या वेळात मावशी मला चहा द्यायची आणि माझ्या पुस्तकांची चेष्टा करायची.

"ह्या बुकात शेवटी काय व्हतं?"

"ती बाई मरते."

"सगल्या बुकात बाईच कशी मरते ग? लिहिनाऱ्याला पुरुष सापडत न्हाय काय?"

गेल्या पावसाळ्यात कंपनी पुन्हा विकली गेली. नवीन मालकांनी गणपतीनंतर शाळेत सभा घेतली. त्यांचे एक साहेब आले, गणराज नावाचे. पनवेलकडचे. पांढरे बूट घालून चिखलातून आले, म्हणून लोकांना जरा बरं वाटलं. त्यांनी भिंतीवर नव्या गाडीचं चित्र दाखवलं. निळी, एकाच डब्याची, बॅटरीवर चालणारी.

"आवाज झिरो," गणराजसाहेब म्हणाले. "धूर झिरो. हातात चहा घेऊन बसा, कपातला चहा हलणार नाही."

मागून मनुमावशी उभी राहिली. "साहेब, आवाज न्हाय तर म्हशींना कलंल कसं?"

सभा हसली. साहेबही हसले.

"काकी, म्हशींना पण ट्रेनिंग देऊ. टेन्शन नको."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. नव्या गाडीला सगळे हॉल्ट परवडणार नाहीत. नाका ते बंदर लवकर पोचायला हवं. काशीद-मुरुडचे पर्यटक बंदरापर्यंत याच गाडीने यावेत, असा विचार आहे. त्यामुळे काही हॉल्ट ठेवू, काही बंद करू. दिवाळीआधी नवी गाडी एकदा चालवून बघू. त्यात आम्ही स्वतः बसून येऊ. ज्या हॉल्टचा फलाट नीट असेल, लांबून ड्रायव्हरला दिसेल, तिथे गाडी थांबवू. बाकीचं मग ठरवू.

कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मावशीने बोलणं काढलं.

"हॉल्ट गेला तर प्रणालीला नाक्याला खोली घ्यावी लागंल. मी हितं कोनाचं तोंड बघू? आनि ह्या मासलीवाल्या बाया काय डोंगर चढून जातील?"

"नाही जाणार बंद, मावशी."

"तुला काय माहीत? तू काय कंपनीची सून हायस?"

नंतर म्हणाली, "तू शिकलीस ना. मंग मला साहेबाशी बोलायला दोन वाक्यं दे."

मी दिली. खाडीने आम्हाला तोडलं आणि या गाडीने आम्हाला जोडलं, असं काहीतरी. तिने डोळे मिटून ऐकलं.

"छान हाय. पन हे तुझ्या बुकातलं झालं. साहेब रडंल आनि निघून जाईल."

"मग तू काय म्हणशील?"

तिने विचार केला. उभी राहिली. साडी सारखी केली. समोरच्या शेवग्याला साहेब समजून म्हणाली, "साहेब, गाडी तुमची चांगली हाय. फक्त हितं थांबवा."

"एवढंच?"

"मंग काय भाषन देऊ?"

तेव्हापासून ती रोज शेवग्याला हे ऐकवायची. कधी हात जोडून, कधी कमरेवर हात ठेवून. मी सांगायचे कुठलं बरं दिसतं. हात न जोडलेलं बरं दिसायचं.

आमचा फलाट म्हणजे मातीचा उंचवटा. कडेला उभे रोवलेले दगड, रुळाला समांतर. नवरात्र झालं की मावशी दरवर्षी त्यांना चुना लावायची. पावसात चुना धुऊन जातो. दिव्याच्या उजेडात पांढरे दगड दिसले की ड्रायव्हरला कळतं, खारपाटी आलं. चुन्यात ती भाताची पेज घालायची, म्हणजे तो धरून राहतो. आणि चुना दगडांच्या रुळाकडच्या अंगालाच लावावा लागतो. ड्रायव्हरला तेच अंग दिसतं. त्यासाठी रुळांच्या मध्ये, स्लीपरवर फळी टाकून बसावं लागतं.

या वर्षी पाऊस लांबला. चुना उशिरा भिजवला. नव्या गाडीची फेरी मंगळवारी दुपारी होती. मावशीने सोमवारी शेड झाडली. हिरवा झेंडा धुतला, त्याला इस्त्री फिरवली. नारळ आणून ठेवला. दगड मंगळवारी सकाळी करायचं ठरवलं, म्हणजे दुपारी ते ताजे दिसतील.

मंगळवारी मी शेडमध्ये गेले तेव्हा चुन्याची बादली तयार होती. नाक्याच्या बाजूचे थोड्या दगडांना चुना लावूनही झाला होता. हातांना कोपरापर्यंत चुना.

"दुपारपर्यंत होईल का?" मी विचारलं.

"न व्हायला काय झालं? ताजुद्दीन गेला की लाईन माझीच हाय. तो काठी घेऊन परत नाक्याला जाईल, तवा कुठं ती निली बया सुटनार. तवर दगड सुकतील."

गाडी आली. ड्रायव्हर ताजुद्दीन मामू खिडकीत होता. तो आमच्याच मोहल्ल्यातला. मावशी आणि तो रोज एकमेकांना काहीतरी बोलल्याशिवाय राहायचे नाहीत.

"मनुबाई, आज तोंडाला पण चुना लावलात काय?"

"तुमच्या दाढीला उरलाय. देऊ?"

"साहेब लोक येणार म्हणून एवढा मेकअप! आमच्यासाठी कधी दगड पुसला नाहीत."

"तुमी रोजचे. रोजच्याला कोन पुसतंय?"

मी डब्यात चढले. मामूने काठी बाहेर धरली. ठक. गाडी हलली. मावशी झेंडा हलवत दोन पावलं बरोबर आली.

"जुनेरा, येताना कुंचा आन. ह्याचे केस गेले."

"आणते."

"ये."

वळणाआड जाताना मला ऐकू आलं. लाईन आपली.

सुरूळ बंदर आलं. मी उतरले. शाळेच्या दिशेने निघाले होते तेवढ्यात अम्मीचा फोन आला. मागे खूप बायका ओरडत होत्या. मग अम्मी म्हणाली, "मनु."

"काय झालं मनुमावशीला?"

"गाडीने मारली ग. गाडीने."

मी म्हटलं, "अम्मी, गाडी इथे आहे. मी गाडीतून आत्ता उतरले."

मी वळून बघितलं. गाडी समोर उभी होती. इंजिन गरम, धूर काढत. मामू पाणी पीत होता. काठी त्याच्या बाजूला बाकावर होती. मी ती डोळ्यांनी बघत होते. मी अम्मीला पुन्हा सांगितलं, "काठी इथे आहे." अम्मीला ते ऐकू आलं नसावं.

मी मामूला सांगितलं. तो माझ्यावर रागावला. "वेडी झालीस काय?" मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. काठी उचलली आणि रुळावरून चालायला लागला. नंतर धावायला लागला. मी मागे. बांधावरून खारपाटीपर्यंत आम्ही असेच गेलो. तो मध्येच थांबायचा, काठी डोळ्यांसमोर धरून बघायचा, पुन्हा धावायचा.

निळी गाडी खारपाटीला उभी होती. शेडच्या थोडी पुढे.

ती अगदी चित्रातल्यासारखी होती. स्वच्छ. खरंच काही आवाज नव्हता. दार उघडं होतं आणि आत चहाचे कागदी कप होते. मला वाटतं चहा सांडला होता. मी कपांकडेच बघत राहिले, कारण दुसरीकडे बघायचं नव्हतं.

साहेब लोकांना दुपारी दुसरीकडे जायचं होतं. म्हणून फेरी सकाळीच घ्यायचं ठरलं. मामूची गाडी नाक्यावरून निघून गेल्यावर ठरलं. पुढची गाडी बंदराला पोचेल, मागून आपण हळूहळू जाऊ, दोन्ही एकाच दिशेने आहेत, समोरासमोर येण्याचा प्रश्न नाही. हे चुकीचं आहे असं त्यांच्यातल्या कोणाला वाटलं नाही. काठीची आठवणच कोणाला झाली नाही. त्यांनी ती जुन्या गाडीची वस्तू समजून सोडून दिली होती.

गाडी तिवरांच्या वळणातून आली. ड्रायव्हरला आधी पांढरे दगड दिसले. तो त्यांच्याकडेच बघत होता. त्याला तसंच सांगितलं होतं, हॉल्ट लांबून दिसतो का बघ. मग त्याला मावशी दिसली. नाक्याकडे पाठ, दगडाकडे तोंड, खाली वाकलेली. भोंगा वाजेपर्यंत गाडी तिच्यावर होती. हे नंतर त्याने स्वतः सांगितलं. तिने मागे वळून पाहिलंच नाही. वळायचं कशासाठी? काठी बंदराला गेली होती.

ड्रायव्हरचं नाव प्रणय. आमच्याच वयाचा. तो फलाटावर बसला होता. मामू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. काठी त्याच्या तोंडापुढे धरली.

"ही माझ्याकडे आहे. तू कशावर आलास?"

प्रणयला प्रश्न कळला नाही.

"मी विचारतो, तू कशावर आलास?"

"चाचा, परवानगी होती." त्याने फोन काढला. फोन हातातून पडला, त्याने पुन्हा उचलला. "ग्रुपवर टाकलं होतं. सगळ्या स्टाफला. बघा ना. बघा."

मामूने खिशातून फोन काढला. गाडी चालवताना तो बंद ठेवायचा नियम आहे. त्याने तो चालू केला. आम्ही सगळे बघत होतो. फोन वाजला. मेसेज तिथेही होता.

मामू खाली बसला. काठी मांडीवर घेऊन. मग म्हणाला, "मनुबाईला टाकला होता?"

गणराजसाहेबांनी मान खाली घातली. मावशी स्टाफमध्ये नव्हती. म्हणून ती ग्रुपवर नव्हती.

कोणीतरी शेडमधून लाल झेंडा आणला आणि घडी मोडून तिच्यावर घातला. तो पुरला नाही. अम्मीने आपली ओढणी काढून घातली. ओढणीबाहेर एक हात राहिला होता. चुना लागलेला. सुकलेला.

प्रणालीला नाक्यावर कळलं. रुळावर निळी गाडी अडकलेली, त्यामुळे तिला गाडीने येता येईना. एसटी नव्हती. ती रिक्षाने डोंगराकडून आली, खाडीला पूर्ण वळसा घालून. येईपर्यंत दुपार टळून गेली. तोवर आम्ही सगळे थांबलो होतो. बायका वाट बघत होत्या. निळ्या गाडीपुढचे रूळ मोकळे होते, आणि कोणीही रुळावर पाय ठेवत नव्हतं.

पोलीस आले, पंचनामा झाला. काही दिवसांनी कंपनीचा कागद आला. मृत महिला विनापरवाना रुळावर बसलेली होती. मी तो मामूला वाचून दाखवला. त्याने पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाला, "विनापरवाना? ठक केलं होतं ना तिने."

दिवाळी आमच्याकडे झाली नाही. वाडीत आणि मोहल्ल्यातही. गणराजसाहेब पुन्हा आले तेव्हा त्यांचे बूट साधे होते. शाळेत सगळे जमले. ते बराच वेळ बोलले. मदत देऊ, चौकशी चालू आहे, यापुढे सगळ्या हॉल्टना आधी कळवू. आवाज करणारं यंत्र बसवू. हॉल्टचं मात्र पुढच्या बैठकीत बघू.

प्रणाली उठली. ती आईसारखी दिसते हे मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. तिने हात जोडले नाहीत.

"साहेब, गाडी तुमची चांगली आहे. फक्त इथे थांबवा."

मी तिला ते वाक्य सांगितलं नव्हतं. मावशी घरीही ते म्हणत असणार. चुलीपुढे, भांडी घासताना. मला वाटत होतं ते फक्त मला आणि शेवग्याला माहीत आहे.

प्रणाली खाली बसेना. मग अम्मी उठून तिच्या शेजारी उभी राहिली. मग मासळीवाल्या बायका. मग सगळेच. कोणी घोषणा दिली नाही. साहेबांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "थांबेल. मी लिहून देतो. थांबेल."

आता थांबते. मार्गशीर्षापासून जुनी बंद होऊन निळी गाडी चालू झाली. येताना घंटा वाजवत येते. नव्या वेळापत्रकात खारपाटी आहे. काठी आता प्रणयकडे असते. त्याने ती मामूकडून मागून घेतली. कंपनीने सांगितलं नव्हतं. खारपाटीला तो ती खिडकीबाहेर धरतो. हॉल्ट आता प्रणालीच्या नावावर आहे, पण ती दवाखान्यात जाते, म्हणून सकाळी शेडमध्ये मामू बसतो. झेंड्याची काठी त्याच्या हातात असते. तो ती उचलत नाही. प्रणय थोडा वेळ धरून ठेवतो. मग आत घेतो.

लाईन आपली असं आता कोणी ओरडत नाही. जवळा सुकवायला बायका शाळेच्या गच्चीवर जातात.

कुंचा मी नंतर आणला. अंबाडीचा, चांगला दाट. शेडमध्ये लाल झेंड्याच्या खुंटीला टांगून ठेवला आहे. बादलीतला चुना दगड झाला होता, ती बादली तशीच कोपऱ्यात आहे. प्रणालीला मी विचारलं, उरलेले दगड आपण करू या का. ती म्हणाली, "बघू." मी पुन्हा विचारलं नाही.

नाक्याकडचे दगड पांढरे आहेत. मग एक दगड अर्धा. त्याच्यावर कुंचा वरून खाली आला आहे आणि मध्येच थांबला आहे. पुढचे, शेडसमोरचे, काळे आहेत.

प्रणयला नेमून दिलेली जागा शेडसमोर आहे. तो तिथपर्यंत गाडी आणत नाही. पांढरं जिथे संपतं तिथेच थांबवतो. आम्ही शेडमधून उठून, काळ्या दगडांच्या कडेने चालत जाऊन गाडीत चढतो.